पाठीला चिकटवायचं पोश्चर डिव्हाइस सात महिने वापरलं, मानेचं काय झालं ते सांगते

वाकून बसलं की पाठीवर थरथरून सांगणारं हे डिव्हाइस मार्चमध्ये घेतलं होतं आणि आता नवरात्र संपल्यावर लिहितेय, कारण चार दिवस वापरून लिहिलेले पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचूनच मी साडेसहा हजार रुपये घातले होते आणि त्यातल्या एकानेही मला जे कळायला हवं होतं ते सांगितलं नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारची बरीचशी डिव्हाइसं साधारण एकाच पद्धतीने चालतात आणि मला जे सांगायचंय ते त्या पद्धतीबद्दल आहे.

आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. वय 46, बडोद्यात दांडिया बाजारात राहते, नोकरी पायपिंग डिझाइनची, कारखान्यातल्या पाइपांचे आराखडे काढायची. म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास दोन स्क्रीनसमोर, एकीवर थ्रीडी मॉडेल आणि दुसरीवर क्लायंटच्या कॉमेंट्स आलेली पीडीएफ. मान मागच्या दिवाळीपासून दुखत होती, उजव्या बाजूने, कानाच्या मागून खांद्यापर्यंत ओढ बसल्यासारखी, आणि दुपारी चारनंतर ती इतकी वाढायची की ॲक्टिवावर मागून कोण येतंय हे बघायला मानेऐवजी सगळं अंग वळवावं लागायचं. बाम लावला, शेक घेतला, आठवड्यातून दोनदा पेनकिलर व्हायला लागली तेव्हा मात्र मला भीती वाटायला लागली. मधे एक साडेचारशे रुपयांचा पट्टा पण आणला होता, तो खांद्यांवरून घालून पाठीवर आठच्या आकड्यासारखा बांधतात ना, तो. तासाभरात काखेत काचायला लागतो आणि खांदे तोच ओढून धरतो, आपल्या पाठीला काही करावंच लागत नाही, काढला की परत खांदे पुढे. तो आठवड्यात कपाटात गेला.

मग हे डिव्हाइस. अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, पांढरं, हलकं, कपड्याच्या आत दिसत पण नाही. मान खाली घातली की मागे जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो त्याच्या दोन-तीन बोटं खाली जेलच्या पॅडने चिकटवायचं, मग ताठ बसायचं आणि ॲपमध्ये बटण दाबायचं, की ती तुमची ‘सरळ’ बसण्याची जागा म्हणून ते लक्षात ठेवतं. आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, मोबाईल आडवा केला की स्क्रीन आडवी होते ना, ते ज्याच्यामुळे होतं तोच प्रकार. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे ते त्याला कळतं आणि त्यावरून पाठ किती कलली ते तो काढतो. ठरवलेल्या कोनापेक्षा जास्त पुढे झुकलात आणि काही सेकंद तसेच राहिलात की पाठीवर गुर्रर्र होतं. किती सेकंदांनी व्हायचं ते आपण ठरवायचं, मी आधी पाच ठेवलं होतं, वैताग आला, मग तीसवर नेलं आणि मला तेच बरं पडलं.

पहिल्या आठवड्यात मला जे समजलं त्याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. मला वाटायचं ऑफिसात मी सगळ्यात वाईट बसत असेन. तर नाही, ऑफिसात खुर्ची बरी आहे, तिथे तासातून एक-दोनदाच वाजायचं. वाजायचं कुठे, तर स्वयंपाकघरात. एका संध्याकाळी गवार निवडायला बसले, टेबलावर ताट, शेजारी मोबाईलवर मुलाच्या क्लासचा ग्रुप उघडलेला, आणि वीस मिनिटांत ते अकरा वेळा वाजलं, मी मोजलं. प्रत्येक वेळी सरळ व्हायचे आणि दोन शेंगा मोडेपर्यंत परत ताटावर वाकलेली असायचे, मला कळायचंही नाही की मी कधी वाकले. पोळ्या लाटताना तर विचारूच नका. आमचा ओटा सासूबाईंच्या उंचीच्या हिशोबाने बांधलेला, त्या माझ्यापेक्षा चांगल्या चार इंचांनी बुटक्या, आणि मी वीस वर्षं त्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटतेय हे मला या यंत्राने सांगितलं. दुसऱ्या दिवशी देवघरातला जादा पाट आणला, ओट्यावर ठेवला, त्यावर पोळपाट. सुरुवातीला हलायचा म्हणून खाली रबरी चटई टाकली. त्या एका पाटाने कंबरेचं दुखणं जे मी वयाचं समजत होते ते निम्मं झालं. एवढ्यासाठी मी त्या यंत्राची ऋणी आहे आणि हे मनापासून लिहितेय.

पण मान? मान तशीच. उलट एप्रिलच्या शेवटी जास्त दुखायला लागली, आणि इथून पुढे मला जे सांगायचंय ते जाहिरातीत कोणी सांगत नाही.

हे डिव्हाइस पाठीवर असतं. त्यामुळे त्याला पाठीचा कल कळतो, मानेचा नाही. आत्ता करून बघा, पाठ एकदम सरळ ठेवून बसा आणि फक्त मान खाली घालून मांडीवरचा मोबाईल बघा. मी असं केलं, पाच मिनिटं बसले, एकदाही वाजलं नाही, ॲपमधलं ते छोटं माणूस मस्त ताठ उभं दाखवत होतं. म्हणजे ज्याला सगळे टेक्स्ट नेक म्हणतात तेच नेमकं याला दिसत नाही! 2014 मध्ये एका अमेरिकन स्पाइन सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवर हिशोब मांडला होता, की साधारण पाच किलोचं डोकं 60 अंश पुढे वाकवलं की मानेवर 27 किलोएवढा भार येतो. तो आकडा सगळ्या जाहिरातींमध्ये असतो. आकडा मॉडेलवरचा आहे, माणसांच्या मानेत मोजलेला नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे ज्या वाकण्याबद्दल तो आकडा आहे ते वाकणं पाठीवर चिकटवलेलं यंत्र पकडत नाही, मग तो आकडा दाखवून हे विकायचं कशाला? गळ्यात घालायच्या दोरीने पण वापरता येतं, मी ते पण केलं, पण दोरीवर ते जरा हलतं आणि तरी पण बसतं पाठीवरच, त्यामुळे फरक काही नाही.

शेवटी मे महिन्यात कारेलीबागेत एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला आधी काही केलं नाही, फक्त माझा लॅपटॉप टेबलावर ठेवून म्हणाल्या काम करा, मी बघते. दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, “बेन, चश्मा क्यारे बदलाव्या?”

मला आधी संबंधच लागेना. चष्मा मागच्या सप्टेंबरमध्ये बदलला होता, चाळिशीचा, प्रोग्रेसिव्ह लेन्सचा. या लेन्समध्ये वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून हातभर अंतरावरचं. स्क्रीन असते हातभर अंतरावर आणि डोळ्यांच्या समोर. मग त्यावरची बारीक अक्षरं वाचायला आपण काय करतो, तर हनुवटी वर उचलतो, म्हणजे लांबचं बघायच्या वरच्या भागाऐवजी चष्म्याचा मधला-खालचा भाग स्क्रीनसमोर येतो. दिवसभर, आठ तास, हनुवटी वर आणि डोकं पुढे. पायपिंगच्या ड्रॉइंगमधले लाईन नंबर, म्हणजे पाइपांचे क्रमांक, मुंग्यांएवढे असतात, ते वाचायला मी किती वेळा हनुवटी उचलत असेन देव जाणे. आणि पाठ तर सरळच, म्हणून यंत्र गप्प.

त्यातून मी स्वतःच भर घातली होती. ॲपमध्ये टिप होती की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. चांगली टिप आहे, साध्या चष्मेवाल्याला किंवा बिनचष्म्याच्या माणसाला बरोबर आहे. मी एप्रिलमध्ये मॉनिटरखाली दोन जाडजूड कोड बुक्स, म्हणजे आमच्या कामाच्या नियमांची पुस्तकं, घातली आणि तेव्हापासूनच दुखणं वाढलं होतं, कारण मॉनिटर जितका वर तितकी हनुवटी वर. त्याच दिवशी येऊन पुस्तकं काढली, मॉनिटर उलट आणखी खाली घेतला आणि स्क्रीन थोडी मागे कलती केली. आठवड्याने रावपुऱ्यातल्या चष्मेवाल्याकडून फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला, त्याला मी बसते ते अंतर टेपने मोजून नेलं होतं, 68 सेंटीमीटर. अठराशे रुपये लागले. तीन आठवड्यांत चारनंतरची ती ओढ बंद झाली. अगदी पूर्ण नाही, डेडलाईनच्या आठवड्यात अजून जाणवते, पण पेनकिलर जूनपासून एकही घेतली नाहीये.

फिजिओनी दोन व्यायाम दिले ते पण सांगते. एक, हनुवटी सरळ मागे ओढायची, वर-खाली न करता, गळ्याला दोन हनुवट्या दिसतील इतकी, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. दुसरा, पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे ओढायची, खांदे कानाकडे न चढवता. आणि अर्ध्या तासाने उठायचंच, भले दोन मिनिटं. त्यांचं म्हणणं असं की एकच एक बरोबर पोश्चर असं काही नसतं, कितीही छान ताठ बसलात आणि तसेच तीन तास राहिलात तर ते पण दुखणारच. यंत्राचा भर मात्र सगळा ताठ राहण्यावर, सतत ताठ राहिलं की ॲपमध्ये जास्त मार्क मिळतात. मला ते पटत नाही. मार्कांच्या नादात मी पहिल्या महिन्यात लाकडासारखी बसायचे आणि पाठीच्या मधोमध नवीनच दुखणं सुरू झालं होतं.

आणखी एक गोष्ट, घरात वयस्कर माणूस असेल तर वाचा. माझे बाबा 78 वर्षांचे आहेत, लहानपणी इथेच दांडिया बाजारात जुम्मादादांच्या व्यायाम मंदिरात जायचे, आता पाठीला चांगला बाक आलाय. त्यांना हौस वाटली म्हणून लावून दिलं. “बाबा, सरळ बसा,” म्हटलं, ते त्यांना जमतं तेवढे सरळ बसले, मी बटण दाबलं, आणि दिवसभर एकदाही वाजलं नाही. ते खूश झाले, म्हणाले, “बघ, माझी पाठ तुझ्यापेक्षा चांगली.” मला वाईट वाटलं, कारण यंत्राला बाक कळत नाही, तुम्ही बटण दाबताना जसे बसलात तेच त्याच्या लेखी सरळ. बाकाने बसून बटण दाबलं तर बाकच सरळ ठरतो. या वयात पाठीला बाक येतो त्यामागे हाडं ठिसूळ होऊन मणके दबलेले पण असू शकतात, तिथे यंत्र घेऊन बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आम्ही आता दाखवलंय, औषध सुरू आहे.

तसंच हाताला मुंग्या येत असतील, हातातून वस्तू पडत असतील, चालताना तोल जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटत असेल, ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर मान दुखायला लागली असेल तर हा सगळा रिव्ह्यू सोडून द्या आणि आधी डॉक्टर गाठा.

आता वस्तू म्हणून कशी आहे ते. बॅटरी मला तीन-चार दिवस पुरते, रोजचे पाच-सहा तास वापरून. पॅडचा मात्र बडोद्याच्या उन्हाळ्यात काही उपयोग नाही, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत ऑफिसातून बाहेर पडून गाडी काढेपर्यंत घाम येतो आणि ते सुटून कुर्त्यात खाली घसरतं, एकदा तर कमाटी बागेत चालताना कुठे पडलं कळलंच नाही, परत मागे येऊन बाकाखाली सापडलं. पॅड पाण्याने धुऊन वाळवला की परत चिकटतो पण दीड-दोन महिन्यांत त्याचा जीव जातो आणि नवीन पॅडचे पैसे वेगळे, ही गोष्ट खरेदी करताना कुठे ठळक लिहिलेली नव्हती याचा मला राग आहे. ॲप फक्त इंग्लिशमध्ये. जुलैमध्ये चार्जिंग होईना तेव्हा कस्टमर केअरला पाच मेल केले, अठरा दिवसांनी बदलून मिळालं, मिळालं एवढं खरं. गाडीवर लावू नका, खड्डे आणि ब्रेक यांत ते गोंधळतं आणि ऐन ट्रॅफिकमध्ये पाठीवर गुरगुरलं की लक्ष जातं. गरब्याला तर काढूनच ठेवावं लागतं, नऊ रात्री ते डब्यात होतं आणि त्या नऊ रात्री दोन-अडीच तास नाचून सुद्धा माझी मान सगळ्यात मोकळी होती.

घ्यावं का? तुम्हाला स्वतःला माहीतच नसेल की आपण कुठे कुठे वाकतो, तर महिना-दीड महिना हे खूप शिकवतं, माझा ओटा मला दुसऱ्या कोणी सांगितला नसता. त्यानंतर फारसं नवीन काही शिकवत नाही. म्हणून विकत घेण्यापेक्षा ओळखीत कोणाकडे पडून असेल तर दीड महिना मागून आणा, फक्त पॅड नवे घ्या. दुखणं मानेचं असेल आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर हे पैसे आधी चष्म्यावर आणि फिजिओच्या दोन फेऱ्यांवर घाला.

माझं आता नणंदेला दिलंय, ती शाळेत शिकवते आणि रात्री वह्या तपासते. देताना तिला म्हटलं, हे लावायच्या आधी मुलाला सांग, तुला न सांगता बाजूने दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ म्हणून, एकदा वह्या तपासताना आणि एकदा मोबाईल बघताना. काल तिने पाठवलाय. पाठ बरी आहे, मान पार वहीत गेलीये, तर आज संध्याकाळी आम्ही दोघी तिच्यासाठी उतरतं लिहायचं डेस्क बघायला जातोय.