एक लिटरचा स्टीलचा थर्मास, व्हिएन्नातल्या वापरानंतर: तक्रार फक्त वायसरची

सुट्टीत साताऱ्याला आल्या आल्या मी थर्मासच्या कंपनीला फोन लावला. झाकणाच्या आतला वायसर हवा होता, बाकी काही नाही. उत्तर आलं, "मॅडम, वायसर सुटा मिळत नाही." मग झाकण द्या. "त्या मॉडेलचं झाकण आता येत नाही." वॉरंटी? "ती फक्त गरम राहण्याची आहे, झाकण आणि रबराचे भाग त्यात धरत नाहीत." शेवटी नवीन थर्मास घ्यायचा सल्ला मिळाला. कुकरची रिंग गेली म्हणून कोणी कुकर भंगारात घालत नाही. मग अकराशे रुपयांचा, एक पोचाही न आलेला थर्मास मी का टाकायचा?

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातल्या निम्म्या थर्मासांची हीच रड आहे. वस्तू तुम्ही पाहिलेलीच असेल: एक लिटर, दुहेरी स्टील, वर पेल्यासारखं झाकण, आत दाबाचं बूच, बुडाला ३०४ हा स्टीलच्या प्रतीचा आकडा आणि आयएसआयचा शिक्का. मी व्हिएन्नाला शिकायला निघाले तेव्हा आईने राजवाड्याजवळच्या भांड्यांच्या दुकानातून घेऊन दिला. "तिकडं तुला चहा कोण करून देणार?" हा तिचा मुद्दा होता आणि तो शंभर टक्के खरा निघाला. व्हिएन्नाच्या कॅफेत मेलांज म्हणजे दुधाची कॉफी घेतली तरी पाच युरोच्या आसपास जातात, म्हणजे आपले पाचशे रुपये. तिथले कॅफे सुंदर आहेत, हे आधीच सांगते. चांदीसारख्या ट्रेमधून कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो, वर्तमानपत्रं असतात, एका कपावर दुपार काढली तरी कोणी उठवत नाही. ऑस्ट्रियाने २०११ मध्ये ही कॅफेची पद्धत आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली, ते योग्यच झालं. पण विद्यार्थ्याला हे रोज परवडत नाही. रोज परवडतो तो घरून नेलेला चहा.

गरम राहण्याबद्दल तक्रार नाही. सकाळी आठला भरलेला चहा दुपारी दोनला ओठाला चटका देतो, हिवाळ्यात उणे तापमानातही. खोक्यावरच्या चोवीस तासांवर जाऊ नका, तेवढा वेळ चहा ठेवतंय कोण! दोन गोष्टी मात्र करा. आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून द्या आणि मग चहा भरा. आणि थर्मास गळ्यापर्यंत भरा, अर्धा भरलेला लवकर गार होतो. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे उष्णता बाजूने फारशी जात नाही, जाते ती तोंडाकडून. तोंडाशी ती अडवायला उभा असतो तो बूच आणि त्याच्या खाचेतला वायसर. म्हणून मी एवढ्याशा वस्तूवर इतकं लिहिते आहे.

आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो. एक नाशिकची, आर्किटेक्चरवाली, आणि एक जॉर्जियाची, तिबिलिसीची. एप्रिलमधल्या एका शनिवारी तिघींना सुट्टी होती. दिवसभर पायी गाव बघायचं आणि बाहेर एक युरोही खायला घालवायचा नाही असं ठरलं. ब्रेडला साताऱ्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी लावली, आल्याचा दुधाचा चहा केला, थर्मास भरला. तो आळीपाळीने धरायचा होता.

शनिवार मुद्दाम धरला, कारण नाशमार्क्ट या मोठ्या बाजाराच्या टोकाला जुन्या वस्तूंच्या बाजाराचा दिवस शनिवारच असतो. पितळी दिवे, पत्रं, चमचे, कुणाच्या तरी आजोबांचे फोटो! नाशिकचीने तिथे तासभर घालवला आणि एक जुनी लाकडी फूटपट्टी घेतली. पहिला चहा तिथेच, उभ्याने, वाफ येत असलेला. पुढे कार्ल्सप्लाट्झ या चौकात वीन म्युझियम, म्हणजे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय. डिसेंबर २०२३ मध्ये ते नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलं तेव्हापासून तिथलं कायमचं प्रदर्शन फुकट आहे. व्हिएन्नात शिकायला जाणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच जावं. शहर कसं वाढलं ते तिथे समजतं आणि मग रस्त्यावरून चालताना अर्थ लागतो.

चहा संपला तसा मी म्युझियममध्येच थर्मास विसळला आणि बाहेर येऊन पाणी भरलं. वसंतात रस्त्यावरचे पिण्याच्या पाण्याचे नळ सुरू होतात. हिवाळ्यात गोठतात म्हणून बंद असतात. शहरात असे हजाराहून जास्त नळ आहेत. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज पडत नाही. शिवाय जानेवारी २०२५ पासून तिथे प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत द्यावी लागते, ती परत घ्यायला बाटली दुकानात न्यायची, ते लचांड वेगळंच.

हे पाणी कुठून येतं ते समजलं तेव्हा मला फार आनंद झाला. म्युझियमपासून थोडं चाललं की श्वार्त्सेनबर्गप्लाट्झला एक प्रचंड कारंजं आहे. ते नुसतं शोभेचं नाही. २४ ऑक्टोबर १८७३ ला डोंगरातलं झऱ्याचं पाणी शहरात पोचलं, तेव्हा सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्या उपस्थितीत इथेच त्याचा समारंभ झाला. त्याआधी शहर विहिरींचं आणि नदीचं पाणी पीत होतं आणि टायफॉइड, कॉलरा ठरलेले होते. एदुआर्द झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञाने राक्स आणि श्नेबर्ग या डोंगरांमधले झरे शहरात आणायची योजना मांडली आणि नगरपरिषदेत ती लावून धरली. १९१० मध्ये दुसरी वाहिनी आली, सुमारे १८० किलोमीटरची, हॉखश्वाबच्या डोंगरातून. दोन्हींतून पाणी उताराने येतं, पंप न लावता, आणि वाटेत त्याच्यावर वीजही करतात. मी तिथे दोघींना सांगितलं की आमच्या साताऱ्यालाही कासच्या तलावाचं पाणी डोंगरावरून उतारानेच येतं. नाशिकची म्हणाली, "अगं, मग तू घरचंच पाणी पितेयस की." जॉर्जियाच्या मुलीला कासचे फोटो दाखवले, फुलांचे आणि तलावाचे. ती बराच वेळ तलावाचेच बघत होती.

असं पाणी थर्मासमध्ये भरलं आणि प्यायले तर आल्याच्या चहाचा शिळा वास! विसळून, झटकून, पुन्हा भरूनही तोच. स्टीलला वास धरत नाही, वायसर धरतो. सिलिकॉनचा वायसर खोल खाचेत बसवलेला असतो. त्याच्या मागे दुधाची साय आणि साखर जाऊन बसते, तिथे ब्रश पोचत नाही, बोट तर नाहीच. दूध कोमट जागी तासन्‌तास राहिलं की नासतं, हे कोणत्याही घरात माहीत आहे. कंपनीने खाच निम्मी खोल केली असती, वायसर सहज निघेल असा केला असता, तर हा प्रश्नच आला नसता.

पण वासापर्यंत मी सोसलं असतं. बेल्व्हेडेअर या जुन्या राजवाड्याच्या बागेत पुढचा प्रकार झाला. बाग फुकट आहे, आतली क्लिम्ट या चित्रकाराची चित्रं तिकिटाची. जॉर्जियाची आत गेली, आम्ही दोघी वरच्या पायऱ्यांवर बसलो. थर्मास तेव्हा नाशिकचीच्या पाठीवरच्या बॅगेत होता. "माझी बॅग ओली कशी गं?" बघते तर बूच घट्ट लावलेलं, आणि वायसर मात्र खाचेतून अर्धा वर आलेला. महिनोन्‌महिने उकळत्या चहाने तो फुगून सैल झाला होता. तिच्या स्केचबुकाची पानं एकमेकांना चिकटली होती आणि त्यात तिने सेमिस्टरसाठी काढलेली रेखाटनं होती. ती मला एक शब्द बोलली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि राग आला तो अकराशे रुपयांच्या वस्तूत रुपया-दोन रुपयांचा भाग नीट न बसवणाऱ्यांचा.

बाकीचा दिवस थर्मास हातात उभा धरून काढला. श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या, गोल गोल आणि अरुंद, एका हाताने भिंत धरत. वरून छताच्या रंगीत कौलांची नक्षी आणि लांब डोंगर दिसतात, तिकीट वसूल होतं. अजिंक्यतारा चढायची सवय असल्याने मी दोघींच्या आधी वर होते. संध्याकाळी प्राटर या करमणुकीच्या बागेत १८९७ चा जुना आकाशपाळणा खालूनच पाहिला. चटणी-ब्रेड तिथल्या बाकावर संपवला.

त्या दिवसानंतर मी या थर्मासला पाचातला एक तारा देणार होते. मत बदललं ते जॉर्जियाच्या मुलीमुळे. त्यांच्याकडे चहा पिकतो, सोव्हिएत काळात तर तिथून सगळ्या देशाला जायचा. ती म्हणाली, थर्मासमध्ये दूध घालतच नाहीत, कोरा चहा न्यायचा. मला ते पटलं नव्हतं, पण तात्पुरता दोऱ्याने आवळलेला वायसर वापरत कोरा चहा नेऊन पाहिला आणि वास खरंच थांबला. आता मी आलं, गवती चहा आणि गूळ घालून कोरा नेते. दूध हवंच असेल तर वेगळ्या छोट्या बाटलीत. आठवड्यातून एकदा खायचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवते, बूच उघडं. स्टील आतून आजही नव्यासारखं आहे.

वायसरचा प्रश्न सुटला तो मोती चौकाजवळच्या कुकर दुरुस्तीच्या दुकानात. काकांनी बूच हातात घेतलं, खाचेत नख फिरवलं आणि वायसरांच्या डब्यातून दोन काढून लावून पाहिले. दुसरा बसला. मी विचारलं, काळा स्वस्त असतो ना? ते म्हणाले, "चहाला काळा नको ताई, वास मारतो. हा सिलिकॉनचा घे." एकाचे वीस रुपये. पाणी भरून थर्मास उलटा करून त्यांनी काउंटरवर ठेवला, आम्ही तेवढ्या वेळात पावसावर बोललो, आणि एक थेंब पडला नाही. मी चार घेतले, एक नाशिकचीसाठी, तिच्याकडेही असाच थर्मास आहे.

जे काम काका पाच मिनिटांत करतात, ते कंपनीला जमत नाही हे मला मान्य नाही. म्हणून ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. मागणी एकच लिहिली: सुटे वायसर विकायला ठेवा. दोन दिवसांत कंपनीचा फोन आला, "तुम्हाला नवीन थर्मास पाठवतो." मी नको म्हटलं. त्याच खोल खाचेचा दुसरा घेऊन काय करू? तक्रार अजून उघडी ठेवली आहे.

आता तारे: गरम राहण्याला पाच, स्टीलला पाच, झाकणाला एक. सप्टेंबरमध्ये साताऱ्याहून, कराडहून, वाईहून बरीच मुलंमुली बाहेर शिकायला निघतील. थर्मास घ्या, नक्की घ्या. विमानतळावर तपासणीआधी रिकामा करा, आत गेल्यावर भरून घ्या. पण दुकानात पैसे द्यायच्या आधी बूच उघडायला लावा आणि वायसर नखाने निघतो का ते बघा. निघत नसेल तर दुसरा दाखवा म्हणा. निघत असेल तर त्याच मापाचे दोन जादा मागा, आणि दुकानदाराकडे नसतील तर थर्मास घेऊन आधी कुकरवाल्याकडे जा, मग बॅग भरायला घ्या.