एचओ की एन? ठाण्याच्या फ्लॅटमधला रेल्वेप्रश्न

घोडबंदर रोडवरच्या वन-बीएचकेत मॉडेल रेल्वे मांडायची, तर पहिला प्रश्न जागेचा. एचओ आणि एन ही मॉडेलची दोन प्रमाणं. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. आपल्या आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा एचओत सुमारे २४ सेंमी भरतो, एनमध्ये १३. बारा डब्यांची लोकल एचओत जवळपास तीन मीटर, म्हणजे हॉलची अख्खी भिंत गेली! एनमध्ये तीच दीड मीटरच्या आसपास बसते, आणि फळी पलंगाखाली सरकवता येते.

पण भारतीय इंजिनं-डबे हवे असतील तर एचओच बघा. एनमध्ये बहुतेक जपानी, युरोपीय, अमेरिकी गाड्या मिळतात. (१६.५ मिमी रूळ आपल्या ब्रॉडगेजला अरुंदच पडतात. प्रमाणात १९ मिमीच्या वर हवेत. चालवून घ्यायचं.) शिवाय एनची इंजिनं हलकी, त्यामुळे रुळावर जरा धूळ बसली की अडखळतात, खिडकीशी मांडणी असेल तर रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हाताशी ठेवाच. घरात लहान मूल असेल, डबे हाताळायची, रुळावर चढवायची मजा हवी असेल, तर एचओ. मला स्वतःला लांबलचक गाडी वळणावरून जाताना बघायची असते, म्हणून माझं मत एनला.