साईजो स्टेशन: हिरोशिमा विद्यापीठात येणाऱ्यांसाठी, रोजच्या वापरातून

आधी एक घोळ मिटवते. हिरोशिमा विद्यापीठाचा मुख्य कॅम्पस हिरोशिमा शहरात नाही. 1982 ते 1995 च्या दरम्यान तो टप्प्याटप्प्याने पूर्वेला, हिगाशी-हिरोशिमा या शेजारच्या गावात हलला. या गावाचं रोजच्या कामाचं स्टेशन म्हणजे सान्यो मुख्य रेल्वेमार्गावरचं साईजो. हिगाशी-हिरोशिमा याच नावाचंही स्टेशन आहे, पण ते शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं. 1988 मध्ये सुरू झालं, गावाच्या कडेला आहे, आणि तिथे थांबतात त्या मुख्यतः कोदामा, म्हणजे सगळी स्टेशनं घेत जाणाऱ्या गाड्या. नाव जुळलं म्हणून तिथे उतरलात तर पुढे बस किंवा टॅक्सी आलीच.

साईजो दिसायला काही विशेष नाही. रूळ खाली, तिकिटाची गेटं वर पुलावर, दोन्ही बाजूंना जिने आणि लिफ्ट. स्टेशन सुरू झालं 1894 मध्ये, पण इमारत अगदी अलीकडची, त्यामुळे जुनेपणाचं कौतुक करायला इथे येऊ नका. मला ते आवडतं ते एवढ्यासाठी की इथे डोकं लावावं लागत नाही. इकोका कार्ड टेकवा, खाली उतरा, गाडी येते. हिरोशिमाकडे दिवसा साधारण पंधरा-वीस मिनिटांनी लोकल असते आणि पाऊण तासाच्या आत पोचवते. लाल पट्ट्याच्या 227 सीरिजच्या गाड्या आहेत, 2015 पासूनच्या. सीटची पाठ ढकलून दिशा बदलता येते, चौघं असलो की समोरासमोर बसता येतं. दार आपोआप उघडलं नाही तर बाजूचं बटण दाबायचं. नवखा माणूस दारासमोर शिस्तीत वाट बघत उभा राहतो आणि मागून कुणीतरी हळूच हात घालून बटण दाबतं, हे अधूनमधून दिसतंच.

पूर्वेकडे मात्र हिशेब वेगळा. बऱ्याच गाड्या शिराइची स्टेशनालाच संपतात. मिहारा, ओनोमिचीला जायचं तर वेळापत्रक बघूनच घरातून निघा.

विद्यापीठाची बस दक्षिणेच्या दाराबाहेर मिळते. मागून चढायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढच्या फलकावर त्या नंबराखाली जे भाडं दिसतं ते टाकायचं. ड्रायव्हरशेजारच्या यंत्रात हजार येनची नोट सुटी होते, पाच-दहा हजारांची नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या खिशात नेमक्या दहा हजारांच्याच नोटा असतात, म्हणून आधी कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, पाण्याची बाटली घेऊन मोड करून घ्या.

आता या स्टेशनातली माझी आवडती गोष्ट, जी मला इथल्या कुणी जुन्या विद्यार्थ्याने सांगितली नव्हती. हिरोशिमाकडून येताना सेनो आणि हाचिहोन्मात्सु या दोन स्टेशनांमध्ये साडेदहा किलोमीटरचा चढ आहे. लोक त्याला 'सेनोहाची' म्हणतात. उतार हजाराला 22.6, म्हणजे साधारण 44 ला 1, 44 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपला बोरघाट 37 ला 1, तेव्हा कर्जतला मागून इंजिनं लागताना पाहत मोठं झालेल्या माणसाला हा चढ फार भीतीदायक वाटणार नाही. पण इथे 1,300 टनांपर्यंतच्या कंटेनर मालगाड्या जातात आणि त्यांनाही मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागतं. हिरोशिमाच्या मालधक्क्यावर लावलेलं ते इंजिन सुटतं साईजोत. गाडी येऊन थांबते, शेपटीकडे माणूस काम करताना दिसतो, हवेचा एक फुस्कारा येतो, थोड्या वेळाने कंटेनरांची रांग ओकायामाच्या दिशेने निघून जाते आणि इंजिन एकटंच मागे उरतं. मग तेही घाट उतरून परत. पूर्वी या कामाला नारिंगी ईएफ67 जातीची इंजिनं होती, 2022 मध्ये ती गेली. आता निळी-पिवळी ईएफ210. माझी बस चुकली की मला तेवढं वाईट वाटत नाही, ते यामुळे.

चढ चढून आलो याचा अर्थ आपण पठारावर आहोत, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर उंचीवर. हिवाळ्यात हिरोशिमाहून आलेल्या गाडीचं दार उघडलं की फरक लगेच नाकाला कळतो. प्लॅटफॉर्मवर वारा असतो, हातमोजे लागतात. याच थंडीमुळे आणि विहिरींच्या पाण्यामुळे साईजो साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारं गाव झालं. दक्षिणेकडून बाहेर पडून डावीकडे वळलात की काही मिनिटांत पांढऱ्या भिंती आणि लाल विटांची चौकोनी धुराडी सुरू होतात. कामोत्सुरू, हाकुबोतान वगैरे कारखाने एकमेकांना खेटून आहेत. पीत नसाल तरी एक चक्कर माराच. काही ठिकाणी विहिरीचं पाणी लोकांसाठी नळाला लावलेलं आहे, गावातले लोक कॅन भरून नेतात.

ऑक्टोबरात साके महोत्सवाचे दोन दिवस असतात तेव्हा मात्र संध्याकाळी हिरोशिमाकडे जाऊ नका. एरवी रांगेत निमूट उभी राहणारी मंडळी त्या दिवशी भलतीच मोकळी झालेली असतात.

पावसाळ्याबद्दल थोडं गंभीरपणे. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत या भागातला मार्ग दरडींनी तुटला आणि आठवडेच्या आठवडे बंद होता. तेव्हापासून मोठ्या पावसाचा अंदाज असला की गाड्या आधीच थांबवतात. मुंबईकराला हे अति वाटेल, पण घाट बघितल्यावर मला पटलं. अशा दिवशी परीक्षा किंवा व्हिसाचं काम असेल तर आदल्या रात्रीच सोय करा. उशीर झाला तर गेटवर उशिराचा दाखला मिळतो, तो प्राध्यापकांना चालतो.

घर शोधताना शेवटचं एक. पत्त्यात 'साईजो-चो' लिहिलंय म्हणजे स्टेशन जवळ, असं धरू नका. विद्यापीठाशेजारची शिमोमी वस्तीसुद्धा साईजो-चोमध्येच येते आणि तिथून स्टेशन बसनेच गाठावं लागतं. लॅबमध्ये रात्री उशिरापर्यंत थांबणार असाल तर शिमोमी बरी. शनिवार-रविवार हिरोशिमात काढायचे असतील, किंवा नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी तिकडे असेल, तर भाडं थोडं जास्त देऊन स्टेशनाजवळच राहा.