'हेड गेलं' सांगून ड्राइव्ह बदलतात: बीबीसी मायक्रो सांभाळणाऱ्यांनी आधी हे वाचा

बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश संगणकावर फ्लॉपीवरच्या फाइलींची यादी पडद्यावर नीट येते, पण फाइल लोड करायला गेलं की 'डिस्क फॉल्ट १८'. ही तक्रार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे निघाला असाल तर जरा थांबा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेचे याच तक्रारीपायी ५,१०० रुपये गेले, आणि चांगला चालता ड्राइव्हही हातचा गेला.

१९८४-८५ मध्ये शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारी क्लास योजनेत जे बीबीसी मायक्रो शाळांमध्ये आले, त्यातलाच हा एक. सोबत टीॲक कंपनीचा एफडी-५५एफ ड्राइव्ह होता: ८० ट्रॅक (फ्लॉपीवरच्या गोल पट्ट्या), दोन्ही बाजू वाचणारा, मिनिटाला ३०० फेरे. फ्लॉप्या मात्र सगळ्या ४० ट्रॅकच्या. अशा जोडीसाठी ड्राइव्हच्या डब्यामागे ४०/८० असं एक बटण असतं. ४० वर ठेवलं की हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग, दर वेळी दोन पावलं सरकतं. पुसताना ते बटण ८० वर गेलं. बिघाड म्हणाल तर एवढाच.

यादी तरी का दिसते? कारण ती ट्रॅक शून्यच्या पहिल्या दोन सेक्टरांत (ट्रॅकच्या तुकड्यांत) असते, आणि ट्रॅक शून्य दोन्ही मापांत एकाच जागी असतो. त्याच ट्रॅकवर उरलेल्या ८ सेक्टरांत २ केबी मजकूर मावतो, म्हणून एखादा छोटा प्रोग्रॅम लोडही होतो आणि गोंधळ आणखी वाढतो. पुढच्या ट्रॅकला हेड अर्ध्या वाटेतच थांबतं. तिथे सेक्टर सापडत नाही, हाच फॉल्ट १८. यादी दिसते म्हणजे हेड वाचतंय, मोटर फिरतेय, केबल ठीक आहे. हेड गेलेल्या ड्राइव्हवर यादीसुद्धा येत नाही.

नागपूरच्या दुकानात मात्र उत्तर मिळालं, "हेड गेलं जी, नवीन टाकावं लागते." ४,५०० रुपये घेतले. आठ दिवसांनी डबा परत आला तो पुढून जसाच्या तसा, आणि आता यादीसुद्धा येईना. त्यावर, "फ्लॉप्या जुन्या झाल्या, नवीन घ्या," म्हणत ६०० रुपयांच्या १० फ्लॉप्या गळ्यात मारल्या. त्या फॉरमॅटच होईनात.

डब्याचे ४ स्क्रू काढल्यावर खरं काय ते कळलं. आत पीसीचा १.२ एमबी ड्राइव्ह होता, मिनिटाला ३६० फेऱ्यांचा. हिशेब मांडून बघा. बीबीसीची साधी डीएफएस, म्हणजे फ्लॉपीचा कारभार बघणारी प्रणाली, सेकंदाला १,२५,००० बिट लिहिते. ३०० फेऱ्यांना एक फेरी २०० मिलिसेकंदांची, म्हणजे ३,१२५ बाइट. ३६० ला एक फेरी सुमारे १६७ मिलिसेकंदांची, म्हणजे जेमतेम २,६०४ बाइट. एका ट्रॅकवर २५६ बाइटचे १० सेक्टर, म्हणजे नुसता मजकूरच २,५६० बाइट. सेक्टरांचे पत्ते आणि मधल्या मोकळ्या जागा मावणार कुठे? जुनी फ्लॉपी वाचतानाही वेग २० टक्के जास्त पडतो. असे काही ड्राइव्ह जंपर (पिनांवरची छोटी टोपी) बदलून ३०० वर आणता येतात, पण इथे तेवढेही कष्ट घेतले नव्हते. पीसीच्या सवयीने ड्राइव्हचा क्रमांक ठरवणारा निवड जंपरही डीएस१ वरच होता. बीबीसीच्या सरळ केबलला पहिला ड्राइव्ह डीएस० लागतो.

विकलेल्या फ्लॉप्या एचडी, म्हणजे जास्त मजकूर मावणाऱ्या होत्या, बीबीसीला लागतात त्या साध्या डीडी नव्हेत. सव्वापाच इंची एचडी फ्लॉपीचा लेप साधारण ६०० ओर्स्टेडचा (चुंबकीय जोराचं माप) आणि डीडीचा ३०० चा. जुन्या मशीनच्या लिहिण्याच्या जोराला एचडीचा लेप दाद देत नाही. मधल्या भोकाभोवती बळकटीची कडी दिसली तर बहुधा ती डीडी असते. एचडीला सहसा कडी नसते आणि लेपही जास्त काळा दिसतो.

दुकान गाठण्याआधी घरीच करून बघा. ४०/८० चं बटण दोन्हीकडे फिरवून बघा. केबलची लाल कड पिन १ कडे हवी. दिवा सतत पेटलेला राहत असेल तर केबल उलटी आहे. अशा वेळी फ्लॉपी आत घालू नका, मजकूर पुसला जाऊ शकतो. हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. मेडिकलमधलं स्पिरिट नको. वरच्या हेडची पट्टी लागेल तेवढीच उचला, वाकली की कायमची गेली. आपल्याकडे जिनिंगजवळच्या गावांत हेडच्या दांड्यांवर रुईचे तंतू चिकटतात, जुन्या ग्रीसमध्ये ते घट्ट बसतात आणि हेड अडकतं. तंतू चिमट्याने काढा, ग्रीस पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. पावसाळ्यानंतर फ्लॉपीच्या खाचेतून पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड खरडतं आणि पुढच्या फ्लॉप्याही बिघडतात.

वेग तपासायचा असेल आणि ड्राइव्हच्या चाकीवर ५० हर्ट्झच्या रेघा छापलेल्या असतील, तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघा. वेग बरोबर असला की फिरत्या रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. एलईडी दिव्याखाली बहुधा हे दिसत नाही.

मशीन सुरू करताच धूर आणि जळका वास आला तर "बोर्ड जळला" यावर लगेच विश्वास ठेवू नका. पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे जुने कपॅसिटर तडकून असाच धूर सोडतात. ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, २७५ व्होल्ट एक्स२ (मेन्स विजेसाठीच्या सुरक्षा) दर्जाचे नवे टाकले की बहुतेक वेळा काम होतं. हे काम मेन्स विजेचं आहे, जाणकारालाच करू द्या.

ड्राइव्ह द्यावाच लागला तर आधी डबा उघडून मॉडेल आणि अनुक्रमांकाचा फोटो काढा, एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, आणि हेच आकडे पावतीवर लिहून घ्या. बदललेला भाग परत मागा. नवं हेड टाकलं असेल तर जुनं हेड दुकानात असायलाच हवं. फसवणूक झाली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

या शाळेकडे पावती आहे. तिच्यावर 'कॉम्प्युटर रिपेअर, ४,५००' एवढंच लिहिलंय. मूळ ड्राइव्ह एफडी-५५एफ होता हे फक्त शाळेच्या जुन्या साहित्य नोंदवहीत सापडलं, आणि आता तक्रार त्या एका ओळीवर उभी आहे.