मिरजेतील एक सांधेरोपण रुग्णालय : उपचार उत्तम, विचारपूस निम्मी

गुडघ्याचे सांधेरोपण कोठे करावे, असे विचारणाऱ्यांना बहुधा शल्यविशारदांचे नाव आणि पॅकेजचा आकडा हवा असतो. आईची शस्त्रक्रिया मिरजेतील एका खासगी रुग्णालयात झाली, ती निर्विघ्न पार पडली आणि खर्चही आधी सांगितला तेवढाच आला, त्यामुळे त्या बाबतीत अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मिरजेत सांगली-कोल्हापूरप्रमाणेच अथणी, बेळगाव, विजयपूरकडचेही रुग्ण येतात आणि एकाच वॉर्डात जैन, लिंगायत, मराठा, मुस्लीम, ख्रिस्ती अशी सगळी कुटुंबे शेजारी-शेजारी असतात. त्यांच्या रीतिभातींची दखल हे रुग्णालय कितपत घेते, हा या परीक्षणाचा विषय आहे.

भरतीच्या अर्जात ‘धर्म’ आणि ‘शाकाहारी / मांसाहारी’ असे दोनच रकाने होते. आम्ही जैन, आडनाव पाटील. या भागात पाटील जैन असतात, लिंगायत असतात, मराठा असतात आणि मुस्लीमही असतात. तरीही कारकुनाने न विचारताच ‘हिंदू’ लिहून टाकले. रुग्णाच्या श्रद्धांचा आणि सांस्कृतिक गरजांचा आदर राखणे हा एनएबीएच या रुग्णालयांना दर्जाचे मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मानकांत रुग्णहक्काचा भाग आहे आणि त्या मानांकनाची पाटी स्वागतकक्षातच लावलेली आहे, म्हणून हे अधिक खटकले.

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र ही कसर भरून काढली. ‘काय खात नाही?’ एवढ्यावर न थांबता त्यांनी ‘किती वाजेपर्यंत जेवता?’ असेही विचारले, आणि माझ्या मते साऱ्या मुक्कामातील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. आई कांदा, लसूण आणि कंदमुळे खात नाही, शिवाय सूर्यास्तानंतर जेवत नाही. तिला मधुमेह असल्याने जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते. वॉर्डात रात्रीचे ताट साडेसातला येते. ते ताट परत गेले असते आणि इन्सुलिन मात्र ठरल्या वेळी टोचले गेले असते, तर साखर घसरण्याचा धोका उघड होता. त्यांनी फिजिशियनांशी बोलून जेवण साडेपाचला आणले, इन्सुलिनची वेळ त्यासोबत सरकवली आणि रात्री साखर तपासायची नोंद केली. साखर ७०च्या खाली गेल्यास तोंडाने ग्लुकोज घ्यायचे की नाही, हेही त्यांनी आईलाच विचारले, आम्हा मुलांना नव्हे. आईने ते औषध म्हणून घ्यायला संमती दिली.

रक्ताच्या गुठळ्या टाळण्याच्या इंजेक्शनबाबत मात्र कोणी आपणहून काही सांगितले नाही. अशा वेळी सर्रास वापरले जाणारे एनॉक्सापॅरिन हे डुकराच्या आतड्यातून काढलेल्या हेपरिनपासून बनते, ही गोष्ट जैन आणि मुस्लीम रुग्णांना सांगायलाच हवी. मी विचारल्यावर डॉक्टरांनी शांतपणे समजावले आणि आईच्या मूत्रपिंडाचे अहवाल पाहून त्याऐवजी रिव्हरॉक्साबानची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. ती दिवसातून एकदाच घ्यायची असल्याने नाश्त्याबरोबर देता आली. पर्याय हाताशी होता, तर तो शस्त्रक्रियेपूर्वीच सांगण्यात अडचण कोणती होती, हे मला कळलेले नाही. प्रत्येक रुग्णाला तो चालेलच असे नाही, हे मान्य. पण निर्णय घेण्यापूर्वी माहिती मिळायला हवी.

मंगळसूत्र आणि बांगड्या काढताना सिस्टरांनी कॉटरीमुळे (शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात त्या विजेच्या उपकरणामुळे) भाजण्याचा आणि हाताला सूज येण्याचा धोका नीट समजावून सांगितला आणि दागिने आमच्या सहीने आमच्याच हाती दिले. शेजारच्या खाटेवरच्या मुस्लीम आजींना व्यायामासाठी महिला फिजिओथेरपिस्ट हवी होती. ती फक्त सकाळच्या पाळीत असते, म्हणून संध्याकाळचा व्यायाम त्या टाळत असत. कन्नड बोलणाऱ्या रुग्णांसाठी दुभाष्याचे काम वॉर्डातील मावशी करतात. त्या ते आपुलकीने करतात, परंतु संमतीपत्र समजावून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडू नये.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे वाटते, आणि त्यातला मोठा वाटा आहारतज्ज्ञ बाईंचा आहे. येथे भरती होणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्यांची भेट मागून घ्यावी आणि घरी सोडण्याच्या दिवशीही त्यांना भेटावे, कारण घरी जाताना मिळणारे आहारपत्रक छापील असते. आमच्या पत्रकात गाजर-बिटाची कोशिंबीर आणि रात्री झोपताना एक पेला दूध होते. त्यांनी दोन्हींवर पेनने काट मारून शेजारी काकडी आणि ‘दूध सायंकाळी ५ वाजता’ असे लिहून दिले.