पार्टनर व्हिसा की कंपनीचा? मेलबर्नच्या एका इमिग्रेशन वकिलांबद्दल

मी मेलबर्नमध्ये ४८२ व्हिसावर (कंपनीने स्पॉन्सर केलेला, नोकरीचा तात्पुरता व्हिसा) नोकरी करते, नवरा ऑस्ट्रेलियन नागरिक आहे. पुण्यात लग्न झालं आणि पीआरचे, म्हणजे कायमच्या वास्तव्याचे, दोन रस्ते समोर आले: कंपनीतली दोन वर्षं भरल्यावर कंपनीमार्फतचा १८६ व्हिसा, नाहीतर आत्ताच पार्टनर व्हिसा, म्हणजे ८२०. ज्या वकीलबाईंचा सल्ला घेतला त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

पहिल्या भेटीचे पैसे लागतात. ते द्यावेत. फुकटातल्या 'असेसमेंट'मध्ये आम्हाला सगळीकडे एकच ऐकायला मिळालं होतं: आजच अर्ज टाका. या बाईंनी आधी माझा सध्याचा व्हिसा मागून घेतला, त्यावरच्या अटी वाचल्या आणि विचारलं, "नोकरी सोडायचा विचार आहे का?" हो, होता. ८२० भरला की ब्रिजिंग व्हिसा (निकाल लागेपर्यंत इथे राहू देणारा तात्पुरता व्हिसा) मिळतो, मग कुठेही काम करायला मोकळीक, असं आमच्या ओळखीतले सगळेच सांगत होते.

तसं नसतं. ब्रिजिंग व्हिसा ए हातात पडतो, पण ४८२ ची मुदत असेपर्यंत तो लागू होत नाही. तोवर ४८२ च्याच अटी चालतात. राजीनामा दिला तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस (जुलै २०२४ पूर्वी फक्त ६० होते). त्यात काही जमलं नाही आणि ४८२ रद्द झाला, तर ब्रिजिंग व्हिसाही त्याच्याबरोबर जातो. मुदत संपणं वेगळं, रद्द होणं वेगळं. हे त्यांनी कागदावर तारखांची रेघ ओढून दाखवलं आणि माझ्या केसमध्ये राजीनामा कोणत्या तारखेनंतर सुरक्षित आहे त्यावर खूण केली. माझ्या मते त्यांची फी या एका कागदातच वसूल झाली.

ऑफिसचीही एक गोष्ट होती. १८६ साठी नॉमिनेशन करू, पण ट्रेनिंग लेव्ही (नॉमिनेशनबरोबर सरकारला भरायची प्रशिक्षण निधीची रक्कम) अर्धी तू भर, असं एचआरने सुचवलं होतं. ही लेव्ही कंपनीनेच भरायची असते, कामगाराकडून ती कुठल्याही मार्गाने वसूल करणं कायद्याने बंद आहे, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. मला पाठवण्यासाठी नम्र, छोटा मेलही लिहून दिला. विषय तिथेच मिटला. आपली कितीतरी मुलं असे पैसे गुपचूप भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी ८२० ठरला. नातं खरं असल्याच्या पुराव्यांचे चार भाग असतात: पैसा, घर, समाजातली ओळख, एकमेकांशी बांधिलकी. लग्नाचा अख्खा अल्बम घेऊन गेलो होतो, त्यातले मोजकेच फोटो त्यांनी ठेवले. त्याऐवजी दोघांच्या नावाचं भाडेपत्र, विजेचं बिल आणि ज्या खात्यात पगार येतो नि ज्यातून किराणा जातो त्याचं स्टेटमेंट मागितलं. आम्हा दोघांना आपापलं निवेदन वेगवेगळं, स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. नवऱ्याचा पहिला मसुदा अर्जासारखा कोरडा होता, तो त्यांनी परत केला. ८८८ फॉर्मसाठी (ओळखीच्यांनी आमच्या नात्याबद्दल द्यायची लेखी साक्ष) नागरिक किंवा पीआर असलेले, आम्हाला खरोखर ओळखणारे लोक निवडायला सांगितले. मंडळातल्या एका काकूंनी फार मनापासून लिहिलं.

सरकारी फी नऊ हजार डॉलरच्या वर आहे आणि अर्ज फेटाळला तरी ती परत मिळत नाही. वकिलांची फी टप्प्याटप्प्याने, आधी लेखी ठरलेली. तक्रार एकच: अर्ज गेल्यावर मेलला उत्तर ज्युनिअर देते आणि पुष्कळ वाट पाहावी लागते. त्या काळात ही गोष्ट मनाला लागते.

कोणाकडेही जा, आधी नोंदणी तपासा. मायग्रेशन एजंट असेल तर त्याचा सात आकडी एमएआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, सरकारी यादीत सापडला पाहिजे. वकिलांना मार्च २०२१ पासून ही वेगळी नोंदणी लागत नाही, त्यांचं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट बघायचं.

अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी ८०१ साठी, म्हणजे कायमच्या पार्टनर व्हिसासाठी, पुन्हा पुरावे द्यायचे आहेत. त्या टप्प्याची फी त्यांनी वेगळी सांगितली आहे, आणि ते कामही आम्ही त्यांच्याकडेच देणार आहोत.