होल्डेम आधी की ओमाहा? तीन पत्तीतून पोकरकडे वळताना

दिवाळीत तीन पत्ती खेळून हात बसलेल्या माणसाला पोकर शिकायचं असलं की आधी होल्डेम की ओमाहा, हा प्रश्न हमखास येतो. पोकरचे हे दोन्ही प्रकार टेबलावर सारखेच दिसतात. मध्ये पाच सामाईक पानं उघडतात आणि बोलीच्या चार फेऱ्या होतात. फरक हातातल्या पानांचा: होल्डेममध्ये दोन, ओमाहात चार. माझं मत आधीच सांगतो: सहा महिने होल्डेम खेळा, मग ओमाहाकडे वळा.

कुठलाही डाव निवडलात तरी तीन पत्तीच्या दोन सवयी आधी सोडाव्या लागतात. तिथे सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरमध्ये उलट, फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटला (म्हणजे सिक्वेन्सला) मारतो. तीन पानांत साध्या सिक्वेन्सच्या ७२० जुळण्या होतात आणि कलरच्या १,०९६. पाच पानांत फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. जे दुर्मीळ ते वरचं, एवढाच नियम. दुसरी सवय ब्लाइंडची. तीन पत्तीत पानं न बघता अर्ध्या चालीत खेळता येतं. पोकरमधला ब्लाइंड म्हणजे डीलरच्या डावीकडच्या दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम. न बघता खेळण्याची सवलत इथे नाही.

होल्डेमची दोन पानं १६९ प्रकारांत बसतात, म्हणून कोणती खेळायची हे पाठ करता येतं. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, कुठलीही जोडी १७ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा पत्ते टाकायचेच, डाव सोडायचाच आहे, आणि तीन पत्तीवाल्याला हेच सर्वांत जड जातं. जागेचंही महत्त्व तेवढंच. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्यांदा बोलायची पाळी असेल तर मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी एवढ्यावरच थांबा. डीलरच्या जागी बसलात तर फ्लॉपनंतर, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडल्यावर, सगळ्यांच्या मागून बोलता येतं, समोरच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं, म्हणून तिथे हात सैल सोडता येतो.

हिशोबही होल्डेममध्येच नीट बसतो. समजा, तुमच्या हातात दोन बदाम आहेत, मध्ये चार पानं उघडली आहेत आणि त्यांत दोन बदाम आहेत. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरले, म्हणजे फ्लश लागण्याची शक्यता २० टक्क्यांहून किंचित कमी. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, २०० चिप्स असताना समोरच्याने १०० टाकल्या, तर तुम्ही १०० देऊन ४०० च्या पॉटसाठी खेळता. त्यासाठी २५ टक्के शक्यता हवी, म्हणून पत्ते टाका. त्याने ४० च टाकल्या असत्या तर २८० साठी ४०, म्हणजे साधारण १४ टक्के पुरले असते. तेव्हा खेळा.

ओमाहात हाच हिशोब सहा पटींनी गुंततो, कारण चार पानांतून दोन-दोनाच्या सहा जोड्या निघतात. शिवाय हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन पानं वापरायची सक्ती असते. मध्ये चार इस्पिक आणि हातात एकटा इस्पिक एक्का असेल तर फ्लश होत नाही. मी पहिल्याच संध्याकाळी याच चुकीवर सगळ्या चिप्स घालवल्या आणि ती हळहळ बरेच दिवस राहिली. चार एक्के हातात आले तर तो वाईट हात आहे, कारण वापरता येतात दोनच आणि मदतीला पाचवा एक्का नसतो.

ओमाहाची खरी गंमत जुळणाऱ्या पानांत आहे. मध्ये नव्वी, अठ्ठी, दुर्री आणि हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की असेल तर तब्बल २० पानांनी स्ट्रेट होतो. होल्डेममध्ये दोन्ही टोकं मोकळी असली तरी अशी पानं आठच असतात. म्हणूनच एक्क्यांचा दिमाख इथे उतरतो. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला पाचांपैकी चार वेळा हरवते. ओमाहात समोर दोन-दोन एकाच रंगाची, सलग चार पानं असली तर तीच आघाडी साठ-चाळीसच्या आसपास येते. मधला फ्लश, खालचा स्ट्रेट घेऊन मोठ्या पॉटमध्ये अडकू नका. चार जणांच्या हातांत मिळून चोवीस जोड्या फिरत असतात.

ओमाहा बहुधा पॉट-लिमिट खेळतात, म्हणजे बोली जास्तीत जास्त पॉटएवढीच वाढवता येते. पॉट १०० चा, समोरच्याने ५० टाकले, तर तुमचे ५० धरून पॉट २०० चा होतो, म्हणून तुमची बोली जास्तीत जास्त २५० ची. मर्यादा आहे म्हणून हायसं वाटतं, पण तीन फेऱ्यांत पॉट कुठल्या कुठे जातो. चढउतार होल्डेमपेक्षा मोठे असतात.

पैशांचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. गोव्यात मांडवीतल्या कसिनो बोटींवर टेबलं असतात, पण शिकायची जागा ती नव्हे. घरी, नुसत्या चिप्सवर शिका.

तुमची मित्रमंडळी फक्त ओमाहाच खेळत असतील तर नाइलाज आहे. मग एकमेकांना जोडलेली चार पानंच खेळा, एखादं तुटक पान असलं तरी टाका. बाकीच्यांनी होल्डेम खेळता खेळता रोज दहा मिनिटं चार-चार पानांचे हात उघडे वाटावेत, मधली पाच पानं मांडावीत आणि कोण जिंकलं ते ओळखावं. सलग वीस डाव न चुकता ओळखता आले की ओमाहाच्या टेबलावर बसा.